वहीत लिहिलेला सल्ला

माझ्या मुलीला चिनी भाषा येते, हे मला माहीत होतं. किती येते, ते मात्र मला मार्चमधल्या एका शुक्रवारी तिच्या शाळेच्या हॉलमध्ये, आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातल्या दीडशे माणसांबरोबरच कळलं.

शाळेत 'इंटरकल्चरल डे' होता. प्रत्येक घराने आपल्या भाषेतलं एक पुस्तक आणायचं आणि मुलाने त्यातलं पानभर वाचून दाखवायचं, अशी कल्पना. मी त्यासाठी ड्यूटी बदलून घेतली होती. हॉस्पिटलात ड्यूटी बदलून घेण्यासाठी कुणाकुणाची मनधरणी करावी लागते, ते ज्याचं त्यालाच माहीत. पुण्याहून आईने पाठवलेलं हत्तीचं पुस्तक होतं, खणाचा फ्रॉक होता, आठवडाभर घोकून घेतलेल्या चार ओळी होत्या. क्षितिजा आठ वर्षांची, सेकंड क्लासमध्ये. चार ओळी म्हणजे काही डोंगर नव्हता.

ती स्टेजवर गेली, पुस्तक उघडलं, पहिली ओळ वाचली आणि दुसरीवर अडली. माझ्याकडे बघितलं. मी खालून ओठांनी शब्द सांगितला. तिने मान हलवली आणि माइकमध्ये स्वच्छ आवाजात म्हणाली, "माय मॅम विल रीड द रेस्ट." मॅम म्हणजे इथे आई. लोक कौतुकाने हसले. मी स्टेजवर चढले आणि हत्ती चिखलात कसा धपकन पडला ते एकटीने वाचून खाली उतरले. टाळ्या पडल्या. आयरिश माणसं भली असतात, कशालाही टाळ्या वाजवतात.

त्यानंतर दोन नंबर सोडून रुओशी आली. रुओशी ही क्षितिजाची जिवलग मैत्रीण, आमच्याच रस्त्यावर तीन घरं सोडून राहणारी. तिच्या हातात चिनी पुस्तक होतं, आणि तिच्याबरोबर, खणाचा फ्रॉक सावरत, माझी मुलगी. दोघींनी मिळून अख्खी गोष्ट वाचली. एका म्हातारीच्या घरात एकेक करून सात प्राणी राहायला येतात, अशी काहीतरी. रुओशी म्हातारी झाली होती आणि क्षितिजा सातही प्राणी. ती बदकासारखी बोलली, गाढवासारखी बोलली, शेवटी म्हातारीवर रुसून पाठ फिरवून बसली. एकदाही अडली नाही. हॉल हसून लोटपोट झाला. पहिल्या रांगेत बसलेली एक चिनी आजी डोळे पुसत होती.

टाळ्या थांबायच्या आत शेजारच्या खुर्चीवरून रेवती वाकली. आमच्या इथल्या मराठी मंडळींपैकी, दर गणपतीला उकडीचे मोदक करून फोटो टाकणारी. म्हणाली, "वृंदा, किती मस्त गं! तुम्ही घरी चायनीजच ठेवलंय का? शहाणे आहात, फ्यूचर लँग्वेज आहे ती."

मी हसले. अंगाचा तिळपापड झाला होता, पण हसले.

आता जिच्यामुळे हे झालं तिच्याबद्दल सांगते. रुओशीच्या आईला सगळी मुलं 'सू लाओशी' म्हणतात. लाओशी म्हणजे चिनीत शिक्षिका. ती डालियन नावाच्या शहरात अकरा वर्षं शाळेत शिकवत होती. नवऱ्याला इथल्या युनिव्हर्सिटीत प्रयोगशाळेत नोकरी मिळाली म्हणून ती आली, आणि तिचं शिक्षिकेचं सर्टिफिकेट इथे कुणी विचारेना, म्हणून घरात चार मुलं सांभाळायला लागली. क्षितिजा तिच्याकडे अडीच वर्षांची असल्यापासून जाते. मी भूल देणारी डॉक्टर, आठ वाजता थिएटरमध्ये उभी पाहिजे. संग्राम, माझा नवरा, शॅननला एका कारखान्यात इंजिनिअर, तो सातलाच गाडी काढतो. सव्वासातला आपली पेंगणारी पोर जो घेईल तो देव, अशी आमची तेव्हा अवस्था होती. सू लाओशीने घेतली.

तिच्या घराचा एक नियम होता. दारात बूट काढायचे आणि बुटांबरोबर इंग्रजीही बाहेर ठेवायचं. कुणी इंग्रजीत काही मागितलं तर ती रागवायची नाही. तेच वाक्य हळू चिनीत म्हणायची आणि मुलाने ते म्हणेपर्यंत प्रसन्न चेहऱ्याने वाट बघत बसायची. मुलांना भूक लागलेली असते. मुलं शिकतात.

आणि पुस्तकं. बैठकीच्या खोलीत एका भिंतीला जमिनीपासून मुलांच्या छातीइतक्या उंचीपर्यंत फळ्या होत्या, आणि पुस्तकं कणा नाही तर मुखपृष्ठ समोर करून उभी. तीनेकशे तर तिने बोटीने मागवली होती. बाकीची इथलीच, इंग्रजी. त्यांच्या प्रत्येक ओळीवर तिने चिनी ओळ लिहिलेली पांढरी पट्टी चिकटवली होती. नायजेरियातल्या मुलीची गोष्ट, पोलंडच्या आजीची, ब्राझीलच्या मासेवाल्याची, कारण तिच्याकडे त्या त्या घरांतली मुलं यायची. "एव्हरी चाइल्ड, हाउस ऑन शेल्फ," ती मला एकदा म्हणाली होती, आणि माझ्याकडे मराठी पुस्तक मागितलं होतं. गोष्ट मी तिला इंग्रजीत सांगायची, ती पट्ट्या चिकटवणार. मी म्हटलं, आणते. चार वर्षं आणते आणतेच म्हणत होते. घरी पुस्तकं नव्हती असं नाही. सुट्टीच्या दिवशी मला झोप हवी असायची.

आमच्या घरातलं मराठी कसं होतं तेही कबूल करते. "क्षिती, शूज काढ, हँड्स वॉश कर, आणि प्रेसमधून बाउल घे." प्रेस म्हणजे इथे कपाट. यावर ती म्हणणार, "ओके, मॅम." समजायचं सगळं. उत्तर इंग्रजीत. मी चिडायचे, संग्राम म्हणायचा, "येईल गं, अचानक बोलायला लागेल." पुण्याच्या माझ्या आईशी फोनवर क्षितिजा "हाय आजी, आय्म ग्रँड", म्हणजे इथल्या भाषेत 'मी मजेत', एवढं बोलून फोन माझ्या हातात द्यायची. आणि तीच मुलगी गाढवाच्या आवाजात चिनी बोलते.

त्या शनिवार-रविवारी मी विचार केला. म्हणजे धुमसत राहिले, आणि त्यालाच विचार म्हटलं. मला वाटलं, एका मुलीच्या डोक्यात जागा ती किती असणार? इंग्रजीने अर्धी घेतली, उरलेली सू लाओशीने बळकावली. मग माझ्यासाठी राहिलं काय? हे शास्त्र नाही, हे मला माहीत होतं. मुलाच्या डोक्याची अशी वाटणी होत नसते. पण माहीत असणं वेगळं आणि पोटात दुखणं वेगळं.

सोमवारी संध्याकाळी क्षितिजाला आणायला गेले तेव्हा सू लाओशी दारातच एक कागद घेऊन उभी होती. रुओशीचा शाळेचा रिपोर्ट. बाईंनी लिहिलं होतं, मुलगी हुशार आहे, पण वर्गात शांत असते, हात वर करत नाही.

"डॉक्टर, प्लीज लुक," ती म्हणाली. "इज प्रॉब्लेम?"

सू लाओशीच्या लेखी डॉक्टर म्हणजे डॉक्टर. नवऱ्याचं ब्लडप्रेशर, आईच्या गोळ्यांचे फोटो, पोलिश मुलाच्या अंगावरचं पुरळ, सगळं ती मला दाखवायची. माझं काम माणसांना झोपवणं. मुलांना बोलतं करण्याशी माझा दुरूनही संबंध नाही. तरी इतकं मलाही कळत होतं की पोर लाजाळू आहे, बाकी काही नाही.

मी कागदाकडे बघत राहिले. मग माझ्या ओपीडीतल्या शांत, ठाम आवाजात तिला इंग्रजीत म्हटलं, "भाषा फार झाल्यात. मुलं गोंधळतात आणि गप्प होतात. काही महिने घरात फक्त इंग्रजी बोला. सगळ्याच मुलांशी. अभ्यासातून सिद्ध झालंय."

तिला सगळं कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सोप्या इंग्रजीत सांगितलं. नो चायनीज. ओन्ली इंग्लिश. ऑल चिल्ड्रन.

"रुओशी ऑल्सो?" तिने विचारलं. "मी, रुओशी?"

इथे मला थांबता आलं असतं. मला फक्त माझ्या मुलीपुरतं हवं होतं. पण रिपोर्ट रुओशीचा होता. तिला वगळलं तर सल्ल्यात अर्थच उरत नव्हता. मी म्हटलं, "येस. रुओशी ऑल्सो."

तिने ड्रॉवरमधून एक निळी वही काढली, तारीख घातली आणि उभ्या उभ्या लिहून घेतलं. मग दोन्ही हात जुळवून म्हणाली, "थँक यू, डॉक्टर."

संग्रामला मी अर्धंच सांगितलं. तो म्हणाला, "असं असतं? तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "मुलांच्या डॉक्टरांशी बोलले होते." एक खोटं टिकवायला दुसरं लागतंच.

मग मी मराठीच्या मोहिमेवर निघाले. रोज जेवणानंतर एक पुस्तक. पहिल्या आठवड्यात क्षितिजाने सहन केलं. दुसऱ्यात पानं उलटायची घाई करायला लागली. तिसऱ्यात म्हणाली, "मॅम, तू वाचतेस तेव्हा तू टेस्ट घेतेस असं वाटतं." अर्थात हे इंग्रजीत. मी रागाने पुस्तक मिटलं आणि तिला खोलीत पाठवलं. सू लाओशीकडे ती गाढव व्हायची, बदक व्हायची. माझ्याकडे ती नापास होणारी विद्यार्थिनी होती. बळकावलेली जागा मोकळी करून दिली होती, पण त्या जागेत मराठी काही राहायला आलं नाही. तिथे टॅब्लेट आला.

कारण सू लाओशीच्या घरी आता दुपारभर कार्टून चालायचं. तिच्याकडे इंग्रजी तेवढंच होतं: कम, ईट, गुड गर्ल, फिनिश, नो फायटिंग. पाच वर्षं अखंड बोलणारी बाई त्या पाच-सहा शब्दांवर आली. मला दारातून ऐकू यायचं. मी कानाडोळा करायचे. पोरगी बाहेर आली की "ग्रँड, थँक्स" म्हणून निघायचे.

मेच्या सुरुवातीला एका गुरुवारी ऑपरेशनांची यादी लवकर संपली आणि मी चार वाजताच पोचले. स्वयंपाकघरात रुओशी टॅब्लेटसमोर बसली होती. पडद्यावर तीच आजी, जी मार्चमध्ये इथे आलेली होती आणि पहिल्या रांगेत रडली होती. आता डालियनला परत गेली होती. आजी काहीतरी विचारत होती. रुओशी म्हणाली, "यॅ. यॅ. आय्म ग्रँड." आजीने पुन्हा विचारलं. रुओशीने खांदे उडवले, "बाय, लव्ह यू," म्हणाली आणि खुर्चीवरून उतरून गेली. पडद्यावर आजी तशीच बसून राहिली. तोच 'आय्म ग्रँड', तेच पळणं. हे मी माझ्या घरी कितीदा तरी बघितलं होतं.

सू लाओशीने टॅब्लेट बंद केला. मला बघून हसली. "डॉक्टर, नाउ व्हेरी गुड," ती म्हणाली. "समटाइम आय फर्गेट, चायनीज आस्क, रुओशी इंग्लिश आन्सर. ऑलवेज." आणि मग, "माय मदर क्राय. आय टेल हर, इट इज डॉक्टर."

तेव्हा माझी नजर बैठकीच्या खोलीकडे गेली. भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या होत्या. जिन्याशी सहा खोकी, चिकटपट्टी मारून, एकावर एक.

"बुक हिअर," तिने स्वतःच्या तोंडाला हात लावला, "माय माउथ इज चायनीज. सो, सॅटर्डे, चॅरिटी शॉप."

मी क्षितिजाचा हात धरून घरी आले. त्या रात्री जेवले नाही. संग्रामने विचारलं तर म्हटलं, ॲसिडिटी. दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये एका म्हाताऱ्या बाईला भूल देताना ती म्हणाली, "तुमच्या हातात आहे मी आता, डॉक्टर." रोजच कुणी ना कुणी म्हणतं. त्या दिवशी मला ते ऐकवेना.

शनिवारी सकाळी दहाला मी सू लाओशीचं दार वाजवलं. क्षितिजा बरोबर आली, तिला रुओशीशी खेळायचं होतं. खोकी अजून जिन्याशीच होती. सू लाओशीचा नवरा गाडी घेऊन बारा वाजता येणार होता.

येताना मी सगळं ठरवून ठेवलं होतं. अगदी सोपं होतं. म्हणायचं, नवीन रिसर्च आलंय. आधीचा सल्ला बदललाय, आता पुन्हा चिनी बोला. डॉक्टरांचे सल्ले बदलतच असतात. कुणाचं काही बिघडणार नाही, पुस्तकं पुन्हा फळीवर, आणि माझीही अब्रू शाबूत.

"सू, देअर इज न्यू रिसर्च," मी सुरुवात केली.

तिने लगेच ड्रॉवर उघडला. निळी वही काढली, पानं उलटली, नव्या पानावर तारीख घातली आणि पेन धरून माझ्याकडे बघायला लागली. उलटताना मला तो मार्चचा सल्ला दिसला. चिनी अक्षरांच्या तीन ओळी, मध्येच इंग्रजीत 'Dr Vrinda', आणि खाली दुहेरी रेघ. मला वाचता आलं नाही, पण दुहेरी रेघ कळली. आता ती माझं दुसरं खोटंही त्याच अक्षरात लिहून घेणार होती, त्याखालीही रेघ मारणार होती.

मी म्हटलं, "नाही. थांब. लिहू नकोस."

हे मराठीत बोलले, माझ्याही लक्षात आलं नाही. मग इंग्रजीत सांगायला गेले. आय लाइड. तिने 'लाइड' लिहायला पेन टेकवलं आणि मान वाकडी करून विचारलं, "लाइट?" मी फोन काढला, भाषांतराचं ॲप उघडलं, आणि बंद केलं. जिची माफी मागायची तिच्यासमोर फोन धरून उभं राहायचं, हे मला जमेना. तोवर सू लाओशीनेच हाक मारली, "क्षितिजा!" आणि चिनीत काहीतरी म्हणाली. सात आठवड्यांत तिच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं चिनी वाक्य. माझी अडचण बघून तिने नियम मोडला होता.

क्षितिजा आतून आली, आमच्या मध्ये उभी राहिली. "मॅम, ती म्हणते तू काय म्हणतेस ते मी सांगू," ती इंग्रजीत म्हणाली.

आठ वर्षांच्या पोरीसमोर हे सांगायचं. मी खुर्चीवर बसले, म्हणजे आमचे डोळे एका उंचीवर आले. इंग्रजीत मला त्यासाठी शब्दच सापडेनात. इंग्रजीत मी फक्त डॉक्टर असते. मी मराठीत बोलायला लागले.

"सू लाओशीला सांग, मी मार्चमध्ये जे सांगितलं ते खोटं होतं. दोन भाषांनी मुलांचं काही बिघडत नाही. रुओशीला काहीही झालेलं नाही. ती नुसती लाजाळू आहे."

क्षितिजाने माझ्याकडे बघितलं. मग वळली आणि बोलली. सरळ चिनीत. मध्ये इंग्रजी नाही, अडखळणं नाही, 'व्हॉट डज दॅट मीन' नाही. माझ्या तोंडातून निघालेलं मराठी तिच्या तोंडातून चिनी होऊन सू लाओशीपर्यंत पोचलं, एवढं सोपं. पाच वर्षं मी जे शोधत होते ते सगळं तिच्यात होतं. कुणीही काहीही बळकावलं नव्हतं.

सू लाओशीचा चेहरा बदलला नाही. तिने एकच शब्द विचारला. क्षितिजा म्हणाली, "शी सेज, व्हाय."

"सांग, मला हेवा वाटला."

"व्हॉट्स हेवा?"

हा शब्द मी तिला कधी शिकवला नव्हता. कशाला शिकवेन? "दुसऱ्याकडे काहीतरी चांगलं असतं," मी म्हटलं, "आणि ते आपल्याकडे नाही म्हणून पोटात दुखतं. आणि मग असं वाटतं, की तिच्याकडेही नसावं. तू सू लाओशीशी जशी बोलतेस तशी माझ्याशी बोलत नाहीस. म्हणून मी तिचं बोलणं बंद केलं."

क्षितिजाचे कान लाल झाले. क्षणभर वाटलं, ती सांगणार नाही. पण तिने सांगितलं, हळू, जमिनीकडे बघत. माझी लाज माझ्या लेकीने उचलून पलीकडे नेऊन ठेवली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

सू लाओशीने वही मिटली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती काहीतरी बोलली, बराच वेळ, सपाट आवाजात, माझ्याकडे न बघता, क्षितिजाकडे बघून. मग खोक्यांकडे बोट केलं.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

क्षितिजाने सगळं सांगितलं नाही, हे मला कळलं. ती एवढंच म्हणाली, "शी सेज, पुट देम बॅक."

मी सहाही खोकी उघडली. तीनेकशे बोटीतली पुस्तकं आणि बाकीची पट्ट्यांची, एकेक करून, तोंड बाहेर करून, फळीवर लावली. सू लाओशी ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. क्षितिजा मला पुस्तकं देत होती आणि कुठलं कुठे ते सांगत होती. तासभर लागला. कुणी चहा विचारला नाही, आणि तेच रास्त होतं.

शेवटी सू लाओशी हात पुसत आली. रुओशी सोफ्यावर पाय दुमडून कार्टून बघत होती. सू लाओशी तिच्यापाशी गुडघ्यांवर बसली. फळीवरचं एक पुस्तक घेतलं, तेच म्हातारीचं आणि सात प्राण्यांचं, आणि चिनीत काहीतरी म्हणाली. हळू, गोड आवाजात. मग वाट बघत बसली, जशी ती पूर्वी बसायची, प्रसन्न चेहऱ्याने.

रुओशीने टीव्हीवरून नजर काढली नाही. "नो, मॅम," ती म्हणाली. "आय्म ग्रँड."

सू लाओशीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा वाट बघितली. रुओशीने रिमोट घेऊन आवाज वाढवला. तेव्हा सू लाओशीने मान वळवून सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्या नजरेचं भाषांतर करायला कुणी लागलं नाही.

मी क्षितिजाला घेऊन निघाले. दारात बूट घातले. तीन घरांचं अंतर, पण आम्ही फार हळू चाललो. शेजारच्या फाटकातून मिसेस केली "लव्हली डे" म्हणाल्या आणि मी हो म्हटलं.

आमच्या फाटकापाशी क्षितिजा थांबली. कडीवर हात ठेवून, खाली बघत म्हणाली, "आई."

मॅम नाही. मी थांबले.

"आई, रुओशी परत चायनीज बोलेल?"

सगळं मराठी. 'र' लिमरिकचा, पण वाक्य मराठी. तासभर तिच्या डोक्यात आमच्या दोन्ही भाषा जाऊन-येऊन होत्या, त्यात इंग्रजी बाजूला पडलं असेल. किंवा तिला हे मलाच विचारायचं होतं, रस्त्याला नाही. याच आवाजासाठी मी ते सगळं केलं होतं. तो आला, आणि त्यात हा प्रश्न होता.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"पण तू डॉक्टर आहेस ना?"

"हो," मी म्हटलं. "तरी मला माहीत नाही."

तिने मान डोलवली, कडी काढली आणि माझ्या पुढे घरात गेली.